स्वप्नांचा अर्थ लावण्याचं काम: मराठवाड्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात वाईट स्वप्न पडलं की माणूस आधी घरातल्या म्हातारीला सांगतो. तिथं मन थाऱ्यावर आलं नाही तर जोशीबुवाकडं, देवीच्या पुजाऱ्याकडं, कुणी दर्ग्यात मुजावराकडं जातो. पहाटे दारावर येणाऱ्या पिंगळ्यालाही बायाबापड्या हळूच विचारून घेतात. हे काम आपल्याकडं फार जुनं आहे. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धांच्या आईचं, मायादेवीचं स्वप्न रंगवलंय, आणि त्याच भिंतीवर राजा शुद्धोदनापुढं बसून त्या स्वप्नाचा अर्थ सांगणारे ब्राह्मणही आहेत. चित्र साधारण पाचव्या शतकातलं. पुढं वेरूळजवळच्या देवगावच्या बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नात झाला, आणि खुद्द तुकोबांना कवित्व करायला सांगितलं ते स्वप्नात आलेल्या नामदेवांनी, आपल्या नरसीच्या.

ठरावीक वेळ आणि ठरावीक फी घेऊन हे काम नव्या पद्धतीनं करावं असं तुमच्या मनात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही मानसशास्त्रात एम.ए. केलेलं असेल, समुपदेशनाचा कोर्स केलेला असेल, किंवा शिक्षक, आशाताई, कीर्तनकार असाल. लोक आपणहून मन मोकळं करतात अशा कुणालाही हे काम शिकता येतं.

माझी भूमिका आधीच सांगतो. भविष्य सांगणं हे आपलं काम नव्हे. स्वप्नाचा अर्थ ज्याला ते पडलं त्याच्याच जगण्यात असतो, आणि तो त्याला सापडेपर्यंत नीट विचारणं ही आपली कामगिरी. स्वप्नांच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ पासून चालू आहे. तिच्या आचारसंहितेतही अर्थाचा शेवटचा निर्णय स्वप्न पाहणाऱ्याचाच मानलेला आहे. हे पटत नसेल तर पुढचं वाचून उपयोग होणार नाही.

आधी झोप समजून घ्या

माणूस रात्रभर एकसारखा झोपत नाही. साधारण दीड तासाचं एक चक्र असतं, आणि त्यात एक टप्पा असा येतो की मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी हा टप्पा जगापुढं मांडला. त्याला रेम झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. रात्र सरत जाईल तसा तो लांबत जातो. पहाटेचं स्वप्न खरं होतं ही समजूत इतकी पक्की का, याचं निम्मं उत्तर इथंच आहे. पहाटेचं स्वप्न लांबलचक असतं आणि त्यातूनच जाग आल्यानं ते लक्षात राहतं.

रेम झोपेत हातापायाचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी कधी माणूस जागा होतो, पण शरीर अजून त्याच अवस्थेत असतं. डोळे उघडे, पण हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, उशाशी कुणी उभं दिसतं. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. सहसा हा प्रकार काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत ओसरतो. तुटक झोप आणि उताणं झोपणं यानं तो वाढतो. आता आपला शेतकरी बघा. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून मध्यरात्री उठून मोटार चालू करायची, दारं धरायची आणि पहाटे येऊन अंग टाकायचं. अशा माणसाला हा अनुभव आला तर नवल नाही. गावात त्याला भूत बसलं म्हणून सांगणारे भेटलेलेच असतात. तुम्ही झोपेचा हा सगळा प्रकार पाच मिनिटं नीट समजावलात तर त्याची अर्धी भीती तिथंच उतरते. त्या दिवशी स्वप्नाचा अर्थ लावायची गरजही पडत नाही.

जुनं आणि नवं, दोन्ही वाचा

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, हवंसं वाटलेलं आणि मनानं रचलेलं असं जे स्वप्नात येतं, ती पहिली पाच निष्फळ मानलीत. भाविक म्हणजे पुढचं सुचवणारं, दोषज म्हणजे वातपित्तकफ बिघडल्यानं पडणारं. हे वर्गीकरण तोंडपाठ ठेवा. घाबरलेल्या आजीला विज्ञान सांगायला गेलात तर ती ऐकेलच असं नाही. "आजी, आपल्या वैद्यांनीच सांगून ठेवलंय की दिवसा बघितलेलं रात्री आलं तर त्याला फळ नसतं," हे मात्र ती ऐकते, आणि यात खोटंही काही नाही.

स्वप्नात दडलेला अर्थ शोधणारे फ्रॉइड आणि युंग वाचाच. पण हॉब्सन आणि मॅकार्ली या मेंदूच्या अभ्यासकांनी १९७७ मध्ये मांडलेला विचारही वाचा. त्यांच्या मते मेंदूच्या खालच्या भागातून उठणाऱ्या संदेशांची वरचा मेंदू जमेल तशी गोष्ट जुळवतो, ते स्वप्न. हा विरोधी विचार माहीत असेल तर प्रत्येक म्हशीत आणि प्रत्येक जिन्यात गूढ अर्थ शोधायची खोड लागत नाही.

बसस्टँडवर मिळणारी स्वप्नफळाची पुस्तकंही चाळा. त्यांवर विश्वास ठेवायला म्हणून नव्हे. समोर येणारा माणूस ते ओझं घेऊनच येतो: दात पडला तर घरातलं माणूस जातं, स्वप्नात लग्न दिसलं तर मरण, स्वतःचं मरण दिसलं तर आयुष्य वाढलं. तो तुम्हाला स्वप्न सांगत असतो तेव्हा हा निकाल त्यानं मनात आधीच लावलेला असतो. तो विचारून बाहेर काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

स्वतःची वही

लोकांच्या स्वप्नांना हात घालण्याआधी निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा स्वतःची स्वप्नं लिहा. वही-पेन उशाशी ठेवा. जाग आल्यावर लगेच कूस बदलू नका, मोबाइल उघडू नका. जे शेवटचं आठवतं ते आधी लिहा आणि तिथून मागं जा. तारीख, आदल्या दिवशी घडलेलं, रात्री जेवण काय, झोप कशी, आणि स्वप्नात वाटलं काय, एवढं प्रत्येक नोंदीत हवं. काही महिन्यांनी वही उलटून पाहिलीत की तीच माणसं, तीच जागा, तोच उशीर पुन्हा पुन्हा येताना दिसेल. हे स्वतःच्या बाबतीत पाहिलेलं असलं की दुसऱ्याच्या एकाच स्वप्नावरून मोठं विधान करायला जीभ वळत नाही.

बैठक कशी घ्यायची

या कामाचा सगळा कस इथं लागतो. पहिल्यांदा स्वप्न पूर्ण ऐका, मध्ये तोडू नका. मग पुन्हा एकदा सांगायला लावा, या वेळी आत्ता घडतंय अशा भाषेत: "मी बांधावर उभा आहे, पुढं विहीर आहे." दुसऱ्यांदा सांगताना वगळलेल्या गोष्टी हमखास येतात. मग विचारा, कुठल्या क्षणी सगळ्यांत जास्त वाटलं, आणि काय वाटलं. त्यानंतर आदला दिवस विचारा. मगच एकेक वस्तू, एकेक माणूस घ्या: "मला काहीच माहीत नाही असं धरून सांगा, हा बैल कसला होता?" शेवटी एकच प्रश्न: "जागेपणी असं कधी, कुठं वाटतं?"

समजा, निलंग्याकडचे एक काका आलेत. स्वप्न असं: भरल्या विहिरीत बैल पडलाय, ते कासरा धरून काठावर उभे आहेत, हाक मारायची आहे पण आवाज निघत नाही. पुस्तकवाला म्हणेल, भरली विहीर म्हणजे लाभ आणि बैल पडणं म्हणजे नुकसान. आता दोन्ही एकाच स्वप्नात आल्यावर काय करायचं? तुम्ही विचारता, "काका, बैल कसला होता?"

"आमच्याच जोडीतला. वाटणीत थोरल्याकडं गेला."

"आणि हाक कुणाला मारायची होती?"

इथं काका थांबतात. थांबू द्या. ही शांतता भरून काढायची घाई नवख्यांना फार होते. आपण काहीतरी बोललो नाही तर पैसे वाया गेले असं त्यांना वाटेल, ही भीती सोडा. थोड्या वेळानं काका म्हणतात, "थोरल्यालाच की. दुसरं कोण हाय?"

"जागेपणी असं होतं का कधी, बोलायचं असतं पण आवाज निघत नाही?"

आता जे येईल ते त्यांचं. कोर्टातली तारीख येईल, दोन वर्षांपासून बंद असलेलं बोलणं येईल, किंवा आईच्या वर्षश्राद्धाला कुणी कुणाला बोलवायचं हा तिढा येईल. तुम्ही निकाल द्यायचा नाही. "भावाशी समेट करा असं स्वप्न सांगतंय" हे वाक्य तोंडातून काढू नका, कारण ते तुमचं मत आहे आणि स्वप्नाच्या नावावर खपवलं जातंय. त्यांना काही करावंसं वाटतंय का, एवढं विचारा. आणि आवाज न निघणं हे रेम झोपेतल्या सैल स्नायूंमुळंही असू शकतं, हे स्वतः ध्यानात ठेवा. त्या एका धाग्याला फार ताणू नये.

गटात बसायचं असेल तर अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ माँटेग्यू उलमन यांची रीत बचत गटात छान चालते. एकजण स्वप्न सांगते, बाकीच्या प्रत्येकीनं "हे स्वप्न मला पडलं असतं तर" अशीच सुरुवात करून बोलायचं. "तुला असं होतंय" म्हणायला बंदी. सांगणारी ऐकते, हवं ते घेते, बाकीचं सोडते. फक्त एकाच गल्लीतल्या बायांचा गट नको. गावात गोष्ट संध्याकाळपर्यंत पाराला पोचते.

सून एकटी येत नाही, सासू सोबत असते, हेही धरून चला. सासूसमोर सून खरं स्वप्न सांगणार नाही. "मावशी, तुमचंबी ऐकायचंय, पण एकेकीचं ऐकतो, म्हंजी गल्लत होत नाही," असं आधीच सांगितलं की बहुतेक जणी ऐकतात. पुरुषानं काम करताना दार उघडं ठेवावं, बसायची जागा बाहेरून दिसेल पण बोलणं ऐकू जाणार नाही अशी असावी.

गेलेलं माणूस स्वप्नात येतं तेव्हा

आपल्या भागात हे स्वप्न घेऊन येणारे पुष्कळ असतात, आणि ज्या घरात कर्जापायी आत्महत्या झाली त्या घरातून आलेली बाई तुमच्यासमोर बसण्याची तयारी ठेवूनच दुकान मांडा. "ते येतेत, उंबऱ्यात उभे राहतेत, बोलत काहीच नाहीत." तिला कुणीतरी सांगितलेलं असतं की आत्मा अडकलाय, पूजा घाला, एवढे हजार लागतील. तुम्ही पूजा घाला म्हणू नका, घालू नका असंही म्हणू नका. ते कसे दिसत होते ते विचारा. अंगावर कपडे कोणते, वय तेवढंच की तरुणपणचं, चेहरा कसा. मग हळूच: "ते बोलले असते तर काय बोलले असते असं वाटतं?" आणि "तुम्हाला काय बोलायचं होतं?" बाई रडेल. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, घड्याळाकडं बघू नका. गेलेल्याचं स्वप्न दुःखातल्या माणसाला सगळ्या जगात पडतं, यात तिचं काही चुकलेलं नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. पण ते "चल" म्हणून बोलावतात आणि तिलाही जावंसं वाटतं असं ती म्हणाली, तर स्वप्न बाजूला ठेवा आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो ही भीती चुकीची आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिथल्या तिथं लावून द्या, घरच्या भरवशाच्या माणसाला बोलवा, आणि तिला एकटी परत पाठवू नका.

देवीचा दृष्टांत झाला, तुळजापूरचा नवस राहिलाय, असं सांगणारेही येतील. श्रद्धेची परीक्षा घेणं आपलं काम नाही. नवस फेडायला व्याजानं पैसे काढायची वेळ येत असेल, तर "देवीला हे आवडेल का?" एवढं त्यांनाच विचारून थांबा.

डॉक्टरकडं कधी पाठवायचं

वयस्क माणूस झोपेत लाथा मारतो, ओरडतो, खाटेवरून पडतो, आणि उठल्यावर भांडणाचं स्वप्न सांगतो, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडं पाठवा. रेम झोपेत सैल पडायला हवेत ते स्नायू सैल पडत नसले की असं होतं, आणि हा पुढं येणाऱ्या पार्किन्सनचा (कंपवाताचा) आधीचा इशारा असू शकतो. लहान मूल झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळत उठतं, आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तर ते बहुतेक स्वप्न नसतंच, गाढ झोपेतली दचक असते. त्याला खोदून विचारू नका. बीपीच्या, डोकेदुखीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः प्रोप्रॅनोलॉलनं, भयंकर स्वप्नं पडू शकतात. दारू अचानक सोडल्यावरही पडतात. म्हणून पहिल्याच भेटीत औषधं आणि व्यसन विचारायचं, आणि गोळी बंद करा असं कधीच सांगायचं नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

तेच ते भीतीदायक स्वप्न वारंवार पडत असेल तर एक साधा सराव शिकवता येतो. दिवसा ते स्वप्न कागदावर लिहायचं, त्याला हवा तसा बदल करायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं जागेपणी मनात चालवायचं. मात्र अपघात, मारहाण, अत्याचार किंवा भूकंप सोसलेल्या माणसाला हे आपण एकट्यानं शिकवू नये. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेतून वाचलेली माणसं अजून आपल्यात आहेत. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. ओपीडीचे वार स्वतः जाऊन विचारून या, म्हणजे माणसाला नुसता पत्ता न देता कधी, कुठल्या खिडकीवर जायचं हे सांगता येईल.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वप्नात दिसलं म्हणजे लहानपणी तसं घडलंच असेल, असं चुकूनही सुचवू नका. सुचवण्यातून खोट्या आठवणी तयार होतात आणि घरं मोडतात. मात्र मुलानं जागेपणी अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीचा १०९८ नंबरही भिंतीवर लिहून ठेवा.

कायदा

जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्या वर्षी २० ऑगस्टला खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा अजामीनपात्र. नुसता ज्योतिषाचा सल्ला देणं हा त्यात गुन्हा नाही, पण आपल्या कामात घसरायची एक ठरलेली जागा आहे. "स्वप्नात शेजारीण आली, तिनं काहीतरी खाऊ घातलं," असं सांगणारी बाई येते आणि तिला तुमच्या तोंडून करणी हा शब्द ऐकायचा असतो. भानामतीच्या नावाखाली या मराठवाड्यात बायांचे हाल झालेत. तुम्ही मान जरी हलवलीत तरी त्या शेजारणीच्या दारावर उद्या माणसं जातील. तिथं ठाम शब्दांत नाही म्हणा.

गंडा, दोरा, अंगारा, खडा यातलं काही देऊ नका, विकू नका. स्वप्नावरून रोग बरा करतो अशी जाहिरात केलीत तर १९५४ चा चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा लागतो. पाटीवर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहायचं नाही. पहिल्याला वैद्यकीय पदवी आणि दुसऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. "स्वप्नांविषयी बोलण्याची जागा" एवढी पाटी पुरते.

जागा, फी, नोंदणी

एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी खोली बघा, कारण खेड्यातला माणूस एसटीनंच येतो. तालुक्याच्या आठवडी बाजाराचा वार नक्की ठेवा. बाजाराला आलो होतो म्हणून सांगता येतं, त्यामुळं लाजणारेही येतात. दोन खुर्च्या, एक चटई, पंखा. लिंबू-मिरची, कवटी, काळा पडदा असलं काही नको. दिवाळीनंतर बीडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्या काळात रात्री फोनवर वेळ ठेवा. लातूरला नीटची तयारी करणारी पोरं पेपर कोरा राहिल्याची, हॉलतिकीट हरवल्याची स्वप्नं घेऊन येतील. त्यांच्याकडून निम्मी फी घ्या.

फी आधी सांगा, पाटीवर लिहा, एका बैठकीची एकच. स्वप्न जितकं भीतीदायक तितकी फी जास्त, हा धंदा दुसऱ्यांना करू द्या. निव्वळ यावर पहिली काही वर्षं घर चालणार नाही, म्हणून हातातली नोकरी सोडू नका. हाताखाली मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका. नोंदवहीत पूर्ण नाव लिहू नका, आवाज रेकॉर्ड करू नका, आणि कुणाचंही स्वप्न व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकू नका, नाव लपवूनसुद्धा. आपल्याकडं गावावरून माणूस ओळखू येतो.

एखादा माणूस दर आठवड्याला नवं स्वप्न घेऊन येऊ लागला, बैल विकू का, पोरीचं स्थळ ठरवू का हेही स्वप्नावरून विचारू लागला, की तुम्ही जोशीबुवाच्या पाटावर जाऊन बसलात असं समजा. त्याला शंभर पानी वही द्या, तुम्ही विचारता तेच प्रश्न पहिल्या पानावर लिहून द्या, आणि महिनाभर स्वतः लिहून मगच या म्हणून सांगा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला लिहून घ्यायला सांगू नका, पोरानं ते सगळं ऐकणं बरं नव्हे. अशांसाठी महिन्यातून एक बैठक ठेवा, त्यापेक्षा जास्त नको.